कर्मवीरांचा फोटो आणि रात्री दोनचा फ्लेक्स

मागच्या महिन्यात इथं कोल्हापुरातल्या एका कॉलेजात नोटीस लागली. ७५ टक्क्यांच्या खाली हजेरी असलेल्यांची यादी, आणि तळाला एक ओळ, की बाहेरची कामं हे गैरहजेरीचं कारण म्हणून चालणार नाही. त्या नोटिसीचा फोटो गावभर फिरला आणि मग जे व्हायचं तेच झालं, गंगावेशच्या दूध कट्ट्यापासून आमच्या अपार्टमेंटच्या जिन्यापर्यंत दोन पार्ट्या पडल्या. एक पार्टी म्हणते बरं केलं, कॉलेजला शिकायला जातायत का एडिटिंगची दुकानं टाकायला, आधी डिग्री घ्या मग काय कमवायचं ते कमवा. दुसरी म्हणते डिग्री म्हणजे नुसता कागद, अमका बारावीनंतर रील एडिट करत बसला आणि आज बुलेटवरनं फिरतोय, नाद करायचा नाय. दोघंही इतक्या जोरात बोलतायत, पण त्या यादीतल्या एकाही पोराला कुणी विचारलेलं मला दिसलं नाही की बाबा, काल किती वाजता झोपलास आणि पैसे मिळाले का.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो म्हणजे शेवटपर्यंत वाचायची सक्ती नको. शिकता शिकता फ्रीलान्स काम करायला माझी हरकत नाही, उलट ज्याला जमतंय त्यानं करावंच. माझी हरकत आहे ती दोन्ही पार्ट्या भांडण संपवताना जे एकच वाक्य बोलतात त्याला, की "शेवटी पोरानं बॅलन्स करायला शिकलं पाहिजे". का बरं? एकोणीस वर्षाच्या पोरानं एकट्यानं मंडळाच्या अध्यक्षाशी, पुण्याच्या एजन्सीशी, कॉलेजच्या ऑफिसशी आणि घरातल्या हप्त्याशी एकाच वेळी बॅलन्स करायचा, आणि नाही जमला तर चूक त्याचीच? कामाला हद्द घालणं हे कधीच एकट्या शिकणाऱ्याच्या हातात नव्हतं. ती हद्द कॉलेजनं, काम देणाऱ्यानं आणि घरानं मिळून आखायची असते, आणि गंमत म्हणजे ती कशी आखायची हे याच मातीतल्या माणसांनी शंभर वर्षांपूर्वी करून दाखवलंय. आपण त्यांचे फोटो लावले आणि पुढचं विसरलो.

हे मी बाहेरून बोलत नाही. दहा-बारा वर्षांपूर्वी बीकॉम करताना मी फ्लेक्स डिझाइन करायचो, स्वतःचा सेकंडहँड कॉम्प्युटर, त्यात कोरल हे डिझाइनचं सॉफ्टवेअर, आणि एका फ्लेक्सला साडेचारशे रुपये. ज्यांनी हे काम केलंय त्यांना माहीत आहे की फ्लेक्समध्ये डिझाइन थोडं आणि शुभेच्छुक जास्त असतात. एका रात्रीच्या फ्लेक्सवर त्रेचाळीस शुभेच्छुक होते. प्रत्येकाचा फोटो व्हॉट्सअपवर आलेला, कुणाचा लग्नातला, कुणाचा गॉगल लावलेला, एकाचा तर आधारकार्डावरचा, प्रत्येकाचं डोकं कापून गोलात बसवायचं आणि गोल सगळे सारखे पाहिजेत, कारण एकाचं तोंड दुसऱ्यापेक्षा चार मिलिमीटरनं लहान झालं की सकाळी तालमीत राडा. नावं युनिकोडमध्ये आलेली, ती श्रीलिपीच्या फॉन्टात टाकली की सगळी वेलांटी-उकाराची खिचडी, म्हणजे त्रेचाळीस नावं पुन्हा टाइप. पावणेदोनला फाइल एक्स्पोर्टला लावली आणि फोन आला, "भावा, एक नाव राहिलंय, आबांचा जावई हाय, घ्यावंच लागतंय." घेतलं. सकाळी साडेदहाला माझा कॉस्ट अकाउंटिंगचा पेपर होता. पेपरात पहिलं गणित सोडवताना डोळ्यापुढं गोल दिसत होते, मी काही अतिशयोक्ती करत नाही, खरंच गोल दिसत होते. एटीकेटी लागली. आणि साडेचारशेतले दोनशे अजून यायचेत. आता यावर "तू नाही म्हणायला पाहिजे होतंस" असं म्हणणं सोपं आहे, पण मी ज्या गल्लीत राहतो त्या गल्लीतल्या मंडळाला नाही म्हणायचं आणि मग पुढच्या अकरा महिन्यांत कुणाकडनं काम मागायचं?

तर 'आधी डिग्री' पार्टीचं सगळ्यात दमदार म्हणणं मी आधी मान्य करतो. ते म्हणतात की लक्ष ही वस्तू एकच आहे, ती दोन ठिकाणी लावली की दोन्हीकडं अर्धी होते, आणि त्यातून एकोणीसाव्या वर्षी हातात येणारे पाच-सात हजार फार वाईट, कारण त्या पैशापुढं अवघड विषय नको वाटायला लागतो. हे खरं आहे. मी पाहिलंय. चारशे फ्लेक्स करणारा पोरगा चारशे गोष्टी शिकत नाही, पहिल्या वीसात जे शिकायचं ते शिकतो आणि उरलेले तीनशे ऐंशी नुसते मारतो. आणि आता तर ते काम फोनमधलं अ‍ॅप दोन मिनिटांत करतंय, म्हणजे ज्यासाठी सेमिस्टर घालवली ती कलाच बाजारातून उठली. वर एमपीएससीला बसायचं, बँकेची परीक्षा द्यायची तर पदवी लागतेच, तिथं रील दाखवून चालत नाही. हे सगळं मान्य. पण यातून निघतं काय? निघतं एवढंच की काम कसलं आणि किती हे महत्त्वाचं आहे. काम करूच नये हे यातून कुठं निघतं? जो बाप "आधी डिग्री" म्हणतो त्याच्या घरी तीन वर्षं पोराला बसवून शिकवायची ऐपत असते, म्हणून तो तसं म्हणू शकतो. ज्याच्या घरी नाही त्याला 'आधी' हा शब्दच लागू होत नाही, त्याच्याकडं सगळं एकाच वेळी असतं.

बरं, 'किती' हे मोजता येतं, आणि मोजायला कुणा मोटिव्हेशनल स्पीकरची गरज नाही, सरकारच्याच कागदात ते लिहिलेलं आहे. नव्या क्रेडिटच्या हिशोबात वर्षाचा अभ्यास म्हणजे १२०० तास आणि ४० क्रेडिट, एका क्रेडिटला ३० तास, त्यात वर्ग आला, प्रॅक्टिकल आलं, घरचा अभ्यासही आला. म्हणजे सेमिस्टरला ६०० तास. पंधरा आठवड्यांत बसवले तर आठवड्याला ४०, परीक्षेचे दिवस धरून वीस आठवड्यांत पसरले तरी ३०. आठवड्यात एकूण तास १६८. रोज सात तास झोप, ४९ गेले. राधानगरीकडनं किंवा गारगोटीकडनं एसटीनं येणाऱ्याचे जायला-यायला १२ तरी जातात. जेवण, आंघोळ, घरचं काम, दूध घालायला डेअरीला जाणं धरून रोजचे तीन, म्हणजे २१. अभ्यासाचे ४० धरले की उरले साधारण ४६, आणि त्यातच आजारपण, पाव्हणेरावळे, यात्रा, मित्रांचा वाढदिवस. यात आठवड्याला बारा-पंधरा तास काम आरामात बसतं, वीस ओढून-ताणून बसतं. पस्तीस बसत नाही. पस्तीस बसवायचे तर ते झोपेतनं येतात नाहीतर हजेरीतनं, तिसरं ठिकाणच नाही. म्हणजे कॉलेज म्हणतं शिक्षण ही पूर्णवेळ नोकरी आहे, आणि कॉलेजची नोटीस मात्र असं धरून चालते की पोरगा मजा करायला बाहेर गेला होता.

आता दुसरी पार्टी. त्यांचंही सगळ्यात चांगलं म्हणणं घेऊ, बुलेटवाल्याचं सोडून. ते म्हणतात की कोल्हापूरनं मोठी माणसं कॉलेजात घडवलीच नाहीत, कामावर घडवली. आणि उदाहरण देतात बाबूराव पेंटरांचं. उदाहरण तगडं आहे. मिस्त्री घराण्यातला माणूस, नाटकांचे पडदे रंगवायचा, सिनेमाचा कॅमेरा हातानं तयार केला, इथं महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. १९२० साली त्या कंपनीत शांताराम वणकुद्रे नावाचा पोरगा, म्हणजे पुढचे व्ही. शांताराम, पडेल ते काम करायला लागला, आणि नऊ वर्षांत, १९२९ ला, दामले, फत्तेलाल वगैरेंना घेऊन त्यानं प्रभात फिल्म कंपनी काढली, तीही कोल्हापुरातच. कुठली डिग्री? उद्यमनगरातले कित्येक फाउंड्रीवाले, हुपरीतले चांदी कारागीर, सगळे असेच शिकले. खरं आहे. पण जरा नीट बघा की तिथं नेमकं काय चालायचं. शांताराम फ्रीलान्सर नव्हते, शागीर्द होते. त्यांच्या डोक्यावर एक उस्ताद होता जो चुकलेलं काम हातातनं काढून घेऊन "असं नाही, असं" म्हणायचा, सामान कंपनीचं होतं, आणि आज कॅमेऱ्याजवळ तर उद्या सेटवर असं काम बदलत होतं. हुपरीतसुद्धा पोरगं आधी भट्टीजवळ बसतं, मग घासायला, मग जोडकामाला. आजच्या फ्रीलान्स पोराला उस्ताद कोण? क्लायंट? क्लायंट दोनच वाक्यं बोलतो, "भारी झालंय" नाहीतर "काय मजा येईना". यातल्या एकातूनही काही शिकायला मिळत नाही. क्लायंटला तुम्ही शिकलात का नाही याच्याशी घेणं-देणं नसतं आणि ते त्याचं कामही नाही. वर फायव्हरसारखी साइट शंभरातले वीस कापून घेते, उस्ताद निदान जेवायला तरी घालायचा. तेव्हा शागिर्दीचं उदाहरण देऊन फ्रीलान्सचं कौतुक करणं म्हणजे तालमीचा फोटो दाखवून रस्त्यावरच्या मारामारीला पैलवानकी म्हणण्यासारखं आहे.

आणि इथंच मला कर्मवीर आठवतात. भाऊराव पाटील कुंभोजचे, आपल्याच जिल्ह्यातले, शिकायला कोल्हापुरातच होते. १९१९ ला कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ ला साताऱ्यात बोर्डिंग, १९४७ ला छत्रपती शिवाजी कॉलेज, आणि 'कमवा व शिका' हे दोन शब्द महाराष्ट्राला त्यांनी दिले. आपल्या विद्यापीठातही त्याच नावाची योजना आहे. ज्या कॉलेजांच्या ऑफिसात ही नोटीस टाइप होते तिथंही त्यांचा फोटो असतोच. हे नाव दोन्ही पार्ट्या वापरतात, कामवाले म्हणतात बघा कर्मवीर सांगून गेले, डिग्रीवाले म्हणतात ते वेगळं होतं. वेगळं होतं हे खरंच, पण कशात वेगळं? पोरं तेव्हाही राबायची, शेतात, खडी फोडायला, बांधकामावर. फरक एवढाच की कुठलं काम, किती वेळ, त्याचे पैसे कुठं जमा, आणि त्यानंतर अभ्यासाला किती वाजता बसायचं हे सगळं संस्था ठरवत होती. मुकादम आणि मास्तर एकाच घरातले होते. म्हणून काम वाढलं आणि अभ्यास बुडाला असं झालं तर ते मास्तरला दिसत होतं. आणि कमी पडलं तेव्हा काय झालं ते तर अख्ख्या महाराष्ट्राला पाठ आहे, बोर्डिंगातल्या पोरांच्या जेवणाला पैसे नव्हते तेव्हा लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडलं. त्या रात्री कुणी पोरांना सांगितलं नाही की उद्यापासून चार तास जास्त खणा. तूट संस्थेनं सोसली. आजच्या फ्रीलान्समध्ये तूट कोण सोसतं? क्लायंटनं पैसे बुडवले तर पोरगा, लाइट गेली तर पोरगा, पेपर बुडला तर पोरगा. आपण 'कमवा' आणि 'शिका' दोन्ही ठेवलं आणि मधला 'व' काढून टाकला, तो 'व' म्हणजेच संस्था होती.

शाहू महाराजांचं तेच. दसरा चौकात उभं राहून एकदा चारी बाजूला बघा, मुस्लिम बोर्डिंग, जैन बोर्डिंग, अशा इमारती आजही आहेत. १९०१ ला व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगपासून ते सुरू झालं. खेड्यातल्या पोराला कोल्हापुरात राहायला-खायला जागा नाही म्हणून तो शिकत नाही, हे बघितल्यावर महाराजांनी त्याला जिद्दीवर व्याख्यान दिलं नाही, खोली बांधून दिली. आंबेडकरांनी १९४६ ला मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढलं तेव्हा नोकरी करणाऱ्या पोरांसाठी सकाळचे वर्ग ठेवले. पोराची नोकरी ही खरी गोष्ट आहे, ती लपवायची किंवा तिला शिक्षा करायची गोष्ट नाही, हे धरून वेळापत्रक बदललं. एवढी मोठी माणसं घड्याळ बदलू शकत होती आणि आपल्याला ७५ टक्क्यांचा तक्ता काढण्यापलीकडं काही सुचत नाही?

यावर एक उत्तर हमखास येतं आणि ते वरवर चोख वाटतं. तेव्हाची पोरं पोटासाठी राबायची, आताची आयफोनसाठी. खरंय, काही आहेत तशी, मी नाकारत नाही, माझ्याच मावसभावानं पहिल्या कमाईतनं बाराशे रुपयाचा गॉगल घेतला आणि आठ दिवसांत रंकाळ्यावर हरवला. पण तुम्ही आमच्या खालच्या मजल्यावर भाड्यानं राहणाऱ्या पोरीकडं बघा. भुदरगड तालुक्यातली, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, यूट्यूबवाल्यांसाठी मराठी सबटायटल टाकते, मिनिटावर पैसे. २०२४ पासून सरकारनं आठ लाखांच्या आतल्या घरातल्या मुलींची प्रोफेशनल कोर्सची ट्युशन फी माफ केली हे फार चांगलं झालं, तिला त्याचा फायदाही मिळाला. पण फीमाफीत मेस येत नाही, खोलीभाडं येत नाही, लॅपटॉपचा हप्ता येत नाही. आणि रात्री नऊपर्यंत राजारामपुरीतल्या दुकानात उभं राहायचं काम घरच्यांनी तिला करू दिलं नसतं, खोलीत बसून करायचं काम म्हणून चाललं. म्हणजे फ्रीलान्स नसतं तर तिला कामच नव्हतं. तिला आयफोनवाली म्हणायचं? आणि समजा एखाद्यानं घेतलाही आयफोन, गरज खरी आहे का हे तपासून मगच झोपेचा हक्क द्यायचा असा काही नियम आहे का? गूळ विकून आलेल्या पैशात बापानं काय घेतलं हे आपण विचारत नाही, पोराच्या पैशाचा मात्र पंचनामा.

मग कॉलेजवाले म्हणतात, आम्ही किती करायचं, शिकवायचं का पोरांची बिलं वसूल करत बसायचं. यातही तथ्य आहे, आणि मी त्यांच्या बाजूनं एक गोष्ट सांगतो जी ते स्वतः सांगत नाहीत. ज्या सरांनी वर्गात "बाहेरची कामं बंद करा" म्हणून सुनावलं ते स्वतः सीएचबीवर आहेत. तासिका तत्त्वावर. सकाळी एका कॉलेजात दोन तास, मग गाडी काढून दुसऱ्या कॉलेजात दोन तास, तास झाला तर पैसे, सुट्टी लागली की पैसे बंद, आणि झालेल्या तासांचं बिल कधी निघेल ते देवाला ठाऊक. फ्रीलान्स म्हणजे दुसरं काय असतं ओ? म्हणजे वर्गात एक फ्रीलान्सर साठ फ्रीलान्सरांना फ्रीलान्स करू नका म्हणून सांगतोय, आणि दोघांचीही बिलं अडकलेली. माझा राग त्या सरांवर नाही. पण या वरनं खालपर्यंतच्या कारभारात घड्याळ कुणाच्याच हातात नाही हे तरी कबूल करा, आणि सगळ्यात खालच्या माणसालाच नोटीस देऊ नका.

आणि कॉलेजला जमण्यासारखं बरंच आहे, त्यातलं निम्मं तर बिनपैशाचं आहे. सगळ्यात आधी तारखा. पोरं बुडतात ती आळसानं नाही, दोन कॅलेंडर एकमेकांवर आदळतात म्हणून बुडतात. बाजाराचं कॅलेंडर बघा, गणपती, नवरात्र, दिवाळी, म्हणजे फ्लेक्स, बॅनर, ऑफरच्या पोस्ट, फोटोशूट, सगळा वर्षाचा धंदा त्या अडीच-तीन महिन्यांत. आणि कॉलेजचं? इंटर्नल, सबमिशन आणि लगेच सेमिस्टर, ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमाराला. तिकडं जोतिबाची चैत्र यात्रा, आंबेडकर जयंती, लगीनसराई, आणि इकडं उन्हाळी परीक्षा. हे दरवर्षी होतं, पंचांगात छापून येतं, तरी इंटर्नलची तारीख व्हॉट्सअपवर दोन दिवस आधी येते. तीच तारीख सेमिस्टरच्या पहिल्या आठवड्यात द्या, पक्की द्या, आणि बदलू नका. पोरगा काम घेतानाच सांगू शकेल की या तारखेला मी नाही. आज तो सांगणार काय, त्यालाच माहीत नसतं.

दुसरं, ओजेटी. नव्या शैक्षणिक धोरणात ऑन जॉब ट्रेनिंगला क्रेडिट आहेत, छान गोष्ट आहे. पण त्यासाठी कंपनीचं लेटरहेड लागतं. त्यामुळं होतं असं की जो पोरगा खरोखर सहा क्लायंटचं काम करतोय त्याचं काम धरलं जात नाही, आणि तो माझ्यासारख्याकडं येतो, "दादा, तेवढा सही-शिक्का द्या की." दरवर्षी दोन-तीन जण येतात. मी आधी द्यायचो, आता देत नाही, लाज वाटते. खऱ्या कामाला शून्य आणि खोट्या शिक्क्याला क्रेडिट, असलं गणित कुठल्या शाळेत शिकवतात? त्याऐवजी त्याच्या कामाची फाइल एका शिक्षकानं महिन्यातनं एकदा बघावी, अर्धा तास, आणि विचारावं की या महिन्यात नवीन काय केलंस. तोच तोच प्रकार केला असेल तर क्रेडिट नाही. यानं एका दगडात दोन गोष्टी होतात, शागिर्दीतला उस्ताद थोडा तरी परत येतो, आणि तीनशे ऐंशी फ्लेक्स मारायला आपोआप आळा बसतो.

तिसरं म्हणजे साध्या व्यवहाराच्या चार गोष्टी, ज्या तीन वर्षांच्या बीकॉममध्ये मला कुणी सांगितल्या नाहीत. अठरा पूर्ण नसतील तर तुम्ही केलेला करार कायद्यानं करारच नाही, हे १९०३ पासून प्रिव्ही कौन्सिलनं ठरवून ठेवलंय, म्हणजे अकरावी-बारावीतलं पोरगं कागदावर सही करून काम घेतंय तर आई-बापाला मध्ये घ्या. कंपनीनं बिलातनं दहा टक्के टीडीएस कापला तर ते पैसे गेले असं समजू नका, तुमचं उत्पन्न कराच्या मर्यादेखाली असेल तर रिटर्न भरून परत मिळतात, कित्येक पोरांना हे माहीतच नसतं आणि पैसे तसेच सरकारजमा राहतात. उद्यम नोंदणी फुकट होते, आणि नोंदणी असलेल्या छोट्या धंद्याचं बिल ४५ दिवसांच्या आत द्यायचं, नाहीतर व्याजासकट द्यायचं, असं २००६ च्या कायद्यात लिहिलंय. गल्लीतल्या मंडळाला हा कायदा दाखवून पैसे निघणार नाहीत हे मलाही कळतं, पण शिरोलीच्या कारखान्याचं कॅटलॉग केलं असेल तर नक्की उपयोग होतो. आणि काम सुरू करायच्या आधी निम्मे पैसे. यावर मी वाद घालत नाही, निम्मे आधी.

घरच्यांबद्दल फार बोलत नाही, फक्त एवढंच की पोरगं कमवायला लागलं की त्या पैशाला पंधरा दिवसांत सवय लागते, आधी रिचार्ज, मग गॅस, मग भिशीचा हप्ता, आणि मग एक महिना त्यानं परीक्षेसाठी काम बंद ठेवलं की घरात कुणी काही बोलत नाही पण ताटं जरा जोरात आपटतात. ज्याच्या घरी हे झालंय त्याला कळेल.

राहिले काम देणारे, म्हणजे मी. आता माझं शाहूपुरीत छोटं ऑफिस आहे, तीन पोरं कॉलेज करत करत माझ्याकडं काम करतात. कर्मवीर-शाहू महाराज एवढं सगळं वर लिहिल्यावर स्वतः काय करतो हे सांगायला पाहिजे. मी त्यांच्याकडनं टाइमटेबल घेतो आणि भिंतीवर लावतो, आठवड्याला पंधरा तासांच्या वर काम देत नाही, आणि रात्री दहानंतर कुणाला फोन करत नाही. दिसायला छान दिसतं. मागच्या नवरात्रात एका मंडळाचं मोठं काम आलं, कमान, स्टेज, सोळा बॅनर, सगळं तीन दिवसांत, आणि माझ्याकडच्या ज्या पोराचा त्यात हात बसलाय त्याचं सोमवारी इंटर्नल. मी नाही म्हणालो. अध्यक्ष चिडले, "शाळा काढलीय का दुकान," म्हणाले आणि समोरच्या गल्लीतल्या दुकानात गेले. काम वेळेत झालं, चांगलं झालं. सोमवारी आमचा पोरगा पेपर देऊन आला तेव्हा त्यानं सांगितलं की ते सोळाही बॅनर त्याच्याच वर्गातल्या पोरानं दोन रात्री जागून केले, आणि पेपराला तो आलाच नव्हता.